मुलीला पुणे विद्यापीठात सोडायला येताना

प्रश्न: मुलीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला असून आम्ही दोघे तिला सोडायला नांदेडहून येत आहोत. कोणती कागदपत्रे आणावीत आणि राहण्याचे काय करावे?

उत्तर १: ताई, पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असल्याने टीसीसोबत मायग्रेशन सर्टिफिकेटही (एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याचा दाखला) आधीच काढून घ्या, माझ्या भाच्याला त्या एका कागदासाठी रात्रीच्या गाडीने गावी परतावे लागले होते. मूळ टीसी जमा होते, म्हणून तिच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवाव्यात.

उत्तर २: शिवाजीनगरला उतरा, विद्यापीठ आहे ते गणेशखिंड तिथून जवळ आहे. वसतिगृहाची खोली पहिल्याच दिवशी मिळेल असे धरू नका, आणि आवार ४०० एकरांहून मोठे असल्याने गाद्या-बादल्यांचे ओझे घेऊन विभाग शोधत फिरू नका.

उत्तर ३: आरक्षणासाठी नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र (कुटुंबाचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला) लागत असेल, तर त्यावरील ३१ मार्चची मुदत आजच तपासा.