मदत हवी आहे: महामार्गाच्या गटारात पावसाचे पाणी सोडण्यास नकार, अपील कोठे करावे?

राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणात भराव वाढला आणि आम्हा तिघा लगतच्या खातेदारांच्या शेतांतील पाणी ज्या नळमोरीतून (रस्त्याखालच्या नळाच्या मोरीतून) पलीकडच्या ओढ्यात जात असे, तिचे तोंड मुरुमाने बुजले. सांडपाणी नव्हे, केवळ पावसाचे पाणी रस्त्याकडेच्या गटारात स्वखर्चाने सोडू द्यावे, असा अर्ज आम्ही महामार्ग प्रशासनाकडे केला. ‘गटार फक्त रस्त्याच्या पाण्यासाठी आहे’ एवढेच लेखी उत्तर गेल्या महिन्यात आले. उतार रस्त्याकडेच असल्याने दुसरीकडे चर काढता येत नाही. मोजणी नकाशा, पंचनामा व जुनी छायाचित्रे हाताशी आहेत. भरपाई नको, पाण्याला वाट हवी. राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा, २००२ च्या कलम ३८ (महामार्गाच्या जमिनीवर गटार वगैरे करण्यास परवानगी) खालील या नकारावर, २०२१ मध्ये अपिलांसाठी न्यायाधिकरणाऐवजी न्यायालय आल्यानंतर, जिल्हा न्यायालयातच अपील करायचे ना, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार (पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहातील अडथळा दूर करण्यासाठी) सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा लावल्यास त्या अपिलाला बाधा येते का?