पोलंडमध्ये आणून वसवलेले जर्मन : विस्थापित की वाटेकरी?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)
दुसऱ्या महायुद्धातल्या विस्थापितांची चर्चा निघाली की एक गट हमखास गाळला जातो. ६ ऑक्टोबर १९३९ ला हिटलरने राइशस्टागमध्ये (जर्मन संसदेत) जाहीर केलं की पूर्व युरोपात विखुरलेल्या जर्मनांना परत आणायचं. दुसऱ्याच दिवशी हे काम नाझींच्या एस.एस. या निमलष्करी संघटनेचा प्रमुख हिमलर याच्याकडे गेलं आणि १८ तारखेला एस्टोनियातल्या टालिनहून पहिलं जहाज सुटलंसुद्धा. एस्टोनिया-लाटव्हियातून साठ हजारांवर माणसं, मग तेव्हाच्या पूर्व पोलंडातल्या व्होल्हिनिया-गालिसियातून बर्फातून बैलगाड्या-घोडागाड्यांचे तांडे, १९४० मध्ये बेसारेबियातून (तोवर रोमानियात असलेला, आज बहुतांश मोल्दोव्हात येणारा प्रदेश) सुमारे ९३ हजार. रीगा-टालिनमध्ये तर या लोकांची सातशे वर्षांची वस्ती!

माझं मत सरळ आहे, ही माणसं बळीच. करार झाले दोन सरकारांत, यांना विचारलं कुणी? कागदावर 'स्वेच्छा' होती. पण जून १९४० मध्ये सोव्हिएत लाल सैन्य बेसारेबियात घुसल्यावर स्वेच्छा कसली? इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना नाझींचे वाटेकरी म्हणणं मला पटत नाही.

पाटीवरची_रेघ
आड-विहीर मान्य. पण ती माणसं गेली कुठे, हे शिताफीने वगळलंत की हो! मूळ जर्मनीत नव्हे, बहुतेकांना पाठवलं ते वार्थेलँडला, म्हणजे जर्मनीने नुकत्याच गिळलेल्या पश्चिम पोलंडात. तिथे काय घरं ओस पडली होती? मार्च १९४१ पर्यंत जर्मनीला जोडलेल्या पोलिश प्रदेशांतून साडेतीन लाखांवर पोलिश आणि ज्यू लोकांना जनरल गव्हर्नमेंटमध्ये (जर्मनीला न जोडता ताब्यात ठेवलेल्या उरलेल्या पोलंडात) हाकललं. दारात पोलीस, आवरायला काही मिनिटं, हातात मावेल तेवढं गाठोडं. आणि हुकूम काय, तर किल्ल्या कुलपांनाच राहू द्यायच्या. कपाटांच्यासुद्धा. नव्या मालकाला शोधाशोध नको!

हा निव्वळ गोंधळ असता तर सोडून दिलं असतं. पण मागे सोडलेल्या मालमत्तेचा हिशोब लिहून घ्यायचा आणि त्या मोबदल्यात जप्त केलेलं पोलिश शेत द्यायचं, यासाठी रीतसर सरकारी ट्रस्ट कंपनी होती. भरपाई दुसऱ्याच्या खिशातून.

उंटावरचा_शहाणा
शेत सगळ्यांना मिळालं असं वाटतंय का तुम्हाला? आलेल्यांची छाननी करणाऱ्या, पोलंडातल्या लोड्झच्या केंद्रात अख्खं कुटुंब एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवायचे. कागदपत्रं, फोटो, क्ष-किरण, डॉक्टर. त्या डॉक्टरी तपासणीतच एस.एस.चा वंशपरीक्षक डोक्याचा आकार, डोळे, गालाची हाडं बघून गुण टिपायचा, आणि समोरच्याला वाटायचं तब्येत तपासताहेत. शेवटी शिक्का. 'ओ' म्हणजे पूर्वेकडे जमीन मिळणार, 'ए' म्हणजे भरवशाचा नाही, जुन्या जर्मनीत मजुरीला. कित्येक कुटुंबं मठांत, शाळांत, हॉटेलांत उघडलेल्या छावण्यांत वर्ष-दीड वर्ष पडून होती. वाटेकऱ्याला कुणी असं गुरासारखं पारखून घेतं?

घाटमाथा
दोघंही एक गोष्ट विसरताय. जबरदस्ती वरूनच होते असं नाही, शेजारीही करतात. इटलीतलं दक्षिण टिरोल घ्या. जून १९३९ मध्ये हिटलर-मुसोलिनीचं ठरलं की तिथल्या जर्मनभाषकांनी ३१ डिसेंबरपर्यंत निवड करावी, जर्मनीत जा नाहीतर इटालियन म्हणून राहा. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला. प्रत्यक्षात गेले ७५ हजारांच्या आसपासच. पण राहतो म्हणणाऱ्यांना गावातलेच लोक गद्दार म्हणत होते. प्रचार करत दारोदार फिरणारे बर्लिनचे अधिकारी नव्हते, स्थानिक नाझी कार्यकर्ते होते. म्हणजे 'सरकारने उचललं आणि नेलं' हे अर्धंच खरं.

मिसळपाव_प्रेमी
अवांतर : आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसं. तेही यातलेच ना?

पाटीवरची_रेघ
नाही हो, गल्लत नको. वळिवड्याचे लोक स्टालिनने पूर्व पोलंडमधून सायबेरिया-कझाकस्तानात नेलेले, तिथून सुटून इराणमार्गे आले. पण संबंध आहे. पोलंडचे दोन तुकडे करणारा ऑगस्ट-सप्टेंबर १९३९ चा जर्मन-सोव्हिएत सौदा दोन्हींच्या मुळाशी आहे. व्होल्हिनियाचे जर्मन हलवायला स्टालिनची परवानगी त्यातूनच मिळाली.

आता धागाकर्त्यांना. वंशपरीक्षा अपमानास्पद होती, शंकाच नाही. पण 'ओ' शिक्का मिळाल्यावर शेत घेतलंच ना? १९४२-४३ मध्ये आग्नेय पोलंडातल्या झामोश्च भागातून लाखभर पोलिश शेतकरी उपटून काढले आणि त्यांच्या घरांत जर्मन वसवले, त्यांत बेसारेबियाचेही होते. चुलीवरचं भांडं कुणाचं हे आत पाऊल टाकणाऱ्याला कळत नव्हतं, असं म्हणू नका.

उंटावरचा_शहाणा
कळत असेल. मग काय करायचं होतं? चार पोरं घेऊन छावणीत परत जायचं? आपण इथे आरामखुर्चीत बसून शौर्य वाटतोय.

घाटमाथा
'काय करायचं होतं' हे व्यक्तीला विचारण्यासारखं आहे, योजनेला नाही. योजना कशी होती ते जर्मनीच्याच बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांतात दिसतं. १९३९ च्या शेवटी बाल्टिक (एस्टोनिया-लाटव्हियातल्या) जर्मनांची जहाजं लागायला लागली, जागा हवी होती. तिथल्या गव्हर्नरने मनोरुग्णालयांच्या इमारती देऊ केल्या. आतले रुग्ण रेल्वेने नेऊन जंगलात गोळ्या घालून मारले. म्हणजे ज्यांच्या नावाने 'राष्ट्र बळकट' करायचं होतं, त्याच राष्ट्रातली आजारी माणसं आधी संपवली. बोटीतून उतरलेल्या आजीला हे ठाऊक नसणार, म्हणून तिला मी वाटेकरी म्हणणार नाही. पण शेतकऱ्याबाबत माझं मत रेघ यांच्या बाजूला झुकतं.

उंटावरचा_शहाणा
आणि जानेवारी १९४५? तीच माणसं पुन्हा गाड्या जुंपून रशियन तोफांपुढे पश्चिमेकडे पळाली. पाच वर्षांत दोनदा घर गेलं. हे कुणाच्या खात्यावर मांडायचं?

पाटीवरची_रेघ
हिमलरच्या. पण खातं काढलंच आहे तर पुढचं पानही बघा. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने नुकसानभरपाईचा कायदा केला, त्यात घरदार गमावलेल्या जर्मनांना, या पुनर्वसितांनाही, दावा करता आला. वार्थेलँडमधून हाकललेल्या पोलिश कुटुंबांना त्या कायद्यात जागा नव्हती.