ताणाचाही विचार व्हायला हवा
परदेशातल्या आपल्या लोकांच्या हृदयविकाराचा सगळा दोष आहाराला आणि आनुवंशिकतेला देणं मला पटत नाही. हृदयविकाराच्या झटक्याची कारणं शोधणाऱ्या २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देशांतले लोक होते; त्यात मानसिक-सामाजिक ताणाचा झटक्याशी ठळक संबंध दिसला. शिकागोतल्या माझ्या मावसभावाचंच बघा. व्हिसा नोकरीवर टांगलेला, रात्री दोनला उठून इकडे आईच्या डॉक्टरांना फोन, आणि विचारलं की "सगळं मजेत". छातीत दुखलं तेव्हाही ॲसिडिटी म्हणून दोन दिवस अंगावर काढलं, बायकोलासुद्धा सांगितलं नाही! वंशाचा वाटा मी नाकारत नाही; अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक धरलाय. पण ताणही विसरू नका; तिकडे असाल तर तपासणीच्या वेळी झोपेबद्दल, नोकरीच्या काळजीबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.