ठिपक्यांचे कोन आणि शाईचा पसारा

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाच्या पोस्टरला जुन्या छपाईचा ठिपकेदार बाज हवा आहे, पण संगणकावर तयार फिल्टर लावला की नटाचा चेहरा निर्जीव दिसतो, ही पोस्टर करणाऱ्या एकाने मांडलेली अडचण रास्त आहे. माझ्या मते दोष फिल्टरपेक्षा सगळ्या रंगांना एकच जाळी, म्हणजे ठिपक्यांच्या ओळींची एकच मांडणी, लावण्यात आहे.

छापखान्यात चार रंगांच्या चार प्लेटा असत आणि प्रत्येकीचा कोन वेगळा असे. प्रचलित मांडणीत सायन (आकाशी निळा) १५, मॅजेंटा (गडद गुलाबी) ७५, काळा ४५ आणि डोळ्यांना सर्वांत कमी जाणवणारा पिवळा ० अंशांवर असतो. पहिल्या तिघांत ३० अंशांचे अंतर राहिल्यामुळे ठिपक्यांची बारीक फुले तयार होतात, आणि ते अंतर बिघडले की चित्रावर नकोसे लाटांचे पट्टे उमटतात. गिंप या चित्र-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममधल्या न्यूजप्रिंट फिल्टरमध्ये हे कोन रंगागणिक देता येतात.

ठिपक्याचा आकारही हिशेबाने ठरवावा. वर्तमानपत्राची जाळी साधारणपणे इंचाला ठिपक्यांच्या ८५ ओळींची असते, पण इंचाला ३०० पिक्सेलच्या फाइलमध्ये तेवढी बारीक जाळी घेतली तर एका ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन पिक्सेल येतात आणि गोलाई उरतच नाही. ३० ओळी घेतल्यास दहा पिक्सेल मिळतात.

खरा जिवंतपणा मात्र शाईच्या पसरण्यातून येतो. हलक्या कागदावर शाई फाकते, म्हणून मधल्या छटा आधी थोड्या उजळ कराव्यात, मग ठिपके किंचित धूसर करून लेव्हल्सने (उजेड-अंधाराच्या पातळ्या बदलण्याच्या साधनाने) पुन्हा टोकदार करावेत. गालावरचे शेजारचे ठिपके एकमेकांना चिकटू लागले की जमले असे समजावे. त्यानंतर फाइलचा आकार बदलू नये, आणि ती पीएनजी या, चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारातच जतन करावी.