मुलगी काउन्सेलरकडे जातेय पण आम्हाला काहीच कळत नाही

मुलगी पंधराची आहे, झोप उडालीये, मैत्रिणींशी बोलणं बंद, दार लावून बसते म्हणून काउन्सेलिंग सुरू केलं. सेशन झालं की मी गाडीतच विचारते काय बोललीस, तर "काही नाही". काउन्सेलरपण सांगत नाहीत. आईला कळायला नको का?

प्रतिसाद १
ताई, तुमची तगमग समजते, पण आधी गाडीतले प्रश्न थांबवा. आपलं बोलणं घरी पोचतं असं वाटलं की मुलं तिथेही गप्प बसतात, मग सगळंच मुसळ केरात. जिवाला धोका असेल, स्वतःला इजा करत असेल किंवा कोणी त्रास देत असेल तर मात्र काउन्सेलर सहसा पालकांना सांगतात, नक्की काय सांगणार आणि काय नाही हे त्यांना मुलीसमोरच विचारून घ्या.

प्रतिसाद २
+१. आणि दोन सेशनमध्ये फरक दिसत नाही म्हणून बंद करू नका हो, विश्वास बसायलाच वेळ लागतो. पण तिचं त्यांच्याशी जमतच नसेल तर काउन्सेलर बदलायला काहीच हरकत नाही.

प्रतिसाद ३
औषधाची गरज वाटली तर ते सायकियाट्रिस्ट ठरवतात, काउन्सेलर गोळ्या देत नाहीत. आणि मरणाची भाषा केली तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, सरळ विचारा "जीव द्यावासा वाटतो का", विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मुलं मोकळी होतात. तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.