शटरचं आयुष्य संपत आलंय का? फोटोच्या वरच्या कडेला काळसर पट्टा येतोय, मदत हवी आहे

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी नेमकं उत्तर देऊ शकणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

माझा डीएसएलआर आठ वर्षांचा आहे. मी जवळजवळ फक्त पक्ष्यांचे फोटो काढते, त्यामुळे बर्स्ट मोड सतत चालू. खंड्या पाण्यात सूर मारून वर येईपर्यंत दहा-बारा फोटो निघतात आणि त्यातला एखादा ठेवण्यासारखा असतो. आजवर कॅमेऱ्याने कधी त्रास दिला नाही. पण गेले दोन महिने उडत्या पक्ष्यांच्या काही फोटोंत वरच्या कडेला आकाश काळसर दिसतंय. सगळ्या फोटोंत नाही. बसलेल्या पक्ष्यांच्या फोटोंत तर अजिबात नाही. आधी वाटलं ढग असेल, मग वाटलं लेन्सचा दोष असेल, म्हणून दुसरी लेन्स लावून पाहिली. पट्टा तसाच.

शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा, किती वेळा उडालाय ते बघावं म्हणून फाइलचा क्रमांक पाहिला तर तो ३४१८, पण तो ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो हे नंतर लक्षात आलं. शेवटी ताज्या फोटोचा एक्झिफ डेटा, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली फोटोची माहिती, एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रामने उघडला. शटर काउंट १,६३,४१८! कंपनीने या मॉडेलच्या शटरचं आयुष्य १,५०,००० सांगितलेलं आहे.

माझे प्रश्न असे:
हा आकडा ओलांडला म्हणजे शटर कधीही बंद पडणार का?
काळसर पट्ट्याचा आणि याचा संबंध आहे का?
सहा आठवड्यांनी दहा दिवसांचा दौरा आहे, फक्त पक्ष्यांसाठी. त्याआधी शटर बदलून घ्यावं, की आहे तसं चालवावं?

आणखी एक, संबंध आहे की नाही माहीत नाही: हल्ली सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, बारीक काळे ठिपके फार लवकर येतात. साफ केले की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा हजर.

प्रतिसाद १

नुसत्या आकड्याला घाबरू नका. १,५०,००० ही काही औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. त्या आकड्याला कॅमेरा आपोआप थांबत नाही, इशाराही देत नाही. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचं शटर सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट चाललं, आणि सोबतच्या मित्राचं अर्ध्यावरच गेलं. मॉडेल एकच.

पट्ट्याबद्दल मात्र जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण पट्ट्याकडे दुर्लक्ष करू नका. मला तीच खरी खूण वाटते.

आधी आकड्यांचं. कंपन्या शटर पुन्हापुन्हा उडवून चाचणी घेतात आणि त्यावरून आयुष्य सांगतात. ती हमी नसते. निकॉन डी९० आणि कॅनन ६डी यांना १,००,०००, निकॉन डी७५० आणि कॅनन ५डी मार्क थ्री यांना १,५०,०००, निकॉन डी८५० आणि सोनी ए७ थ्री यांना २,००,०००, निकॉन डी५ला ४,००,०००, कॅनन १डी एक्स मार्क थ्रीला ५,००,०००. यावरून शटर किती दणकट बांधलंय याचा अंदाज येतो, तुमच्या हातातलं शटर कधी जाईल ते कळत नाही.

आता पट्टा. सेन्सरसमोर पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. एका पडद्याला सेन्सर ओलांडायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. शटरचा वेग १/१२५ सेकंद असेल तर सेन्सर आधी पूर्ण उघडतो आणि मग झाकला जातो. १/४००० सेकंद म्हणजे फक्त पाव मिलिसेकंद. तेवढ्यात पडदा पुरता ओलांडूच शकत नाही, म्हणून पहिला निघाल्यावर लगेच दुसरा सुटतो आणि दोघांमधली एक-दोन मिलिमीटरची फट सेन्सरवरून धावत जाते. ती फट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी राहिली तरच फोटो सगळीकडे सारखा उजळतो.

समजा झिजेमुळे पहिला पडदा शेवटी शेवटी मंदावतो आणि दुसरा त्याच्या ०.०५ मिलिसेकंद जास्त जवळ येतो. १/२५०ला, म्हणजे चार मिलिसेकंदांत, हा फरक सव्वा टक्का. डोळ्याला कळणारही नाही. १/४०००ला तोच फरक वीस टक्के, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). निरभ्र आकाशात तो लगेच दिसतो. बहुतेक कॅमेऱ्यांत पडदे वरून खाली धावतात आणि सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून पडद्याच्या धावेचा शेवट फोटोच्या वरच्या कडेला येतो. तुमचा पट्टा नेमका तिथेच आहे, आणि तोही फक्त उडत्या पक्ष्यांच्या, म्हणजे बहुधा वेगवान शटरच्या फोटोंत.

तरी आधी खात्री करा. दिवसाच्या उजेडात साध्या पांढऱ्या भिंतीचे आउट ऑफ फोकस फोटो काढा. एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात नको, त्यांच्या लुकलुकण्यानेही पट्टे येतात. फ्लॅश बंद. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८वर ठेवा आणि बदलू नका, म्हणजे लेन्समुळे कोपरे काळवंडत असतील तर ते सगळ्या फोटोंत सारखेच राहतील. १/२५०ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० असेल, तर १/५००ला २००, असं करत १/४०००ला १६००. प्रत्येक वेगाला दहा-दहा फोटो. मग कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढा. पट्टा फ्रेमच्या त्याच कडेला राहिला तर दोष कॅमेऱ्यात, भिंतीबरोबर फिरला तर उजेडात.

प्रतिसाद ३

मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घ्या, इलेक्ट्रॉनिक शटर लावा, म्हणजे पडदे न हलवता सेन्सरच फोटो सुरू-बंद करतो, झीज हा विषयच संपतो. निकॉन झेड९मध्ये २०२१पासून यांत्रिक शटरच नाही.

प्रतिसाद ४

@प्रतिसाद ३, त्यांनी नवीन कॅमेरा विचारलेला नाही. आणि इलेक्ट्रॉनिक शटर सरसकट चालत नाही. बऱ्याच मिररलेसचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यात वेगाने फडफडणारे पंख वाकडे उमटतात. झेड९सारखा फार जलद वाचणारा सेन्सर किंवा सोनी ए९ थ्रीचा ग्लोबल शटर, म्हणजे सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपणारा, ही वेगळी गोष्ट.

धागाकर्तीसाठी: लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना) इलेक्ट्रॉनिक पहिल्या पडद्याची सोय आहे का पाहा. त्यात सुरुवात सेन्सर स्वतः करतो आणि फक्त दुसरा पडदा धावतो. अर्थात लाइव्ह व्ह्यूमध्ये उडता पक्षी पकडणं डीएसएलआरला जड जातं, तुम्हाला ते माहीतच असेल.

सेन्सर साफ करताना एक काळजी घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, मध्येच चार्ज संपला तर पडदा साफ करायच्या काडीवर येऊन आपटतो. पात्यांना बोट लावू नका आणि दाबाच्या हवेचा डबा तर वापरूच नका, पाती वाकतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २मुळे पहिल्यांदाच शटर आत काय करतं ते नीट कळलं. काल दुपारी चाचणी घेतली.

१/२५० ते १/१००० : सगळे फोटो एकसारखे.
१/२००० : दहापैकी दोनमध्ये वरची कड किंचित गडद, मुद्दाम शोधली तर दिसते.
१/४००० : दहाच्या दहा गडद, पण कमी-जास्त. एकात तर वरचा जवळपास पाचवा भाग काळवंडलेला.

कॅमेरा उलटा धरल्यावरही पट्टा फ्रेमच्या त्याच कडेला. म्हणजे दोष कॅमेऱ्यातच. दौऱ्यात १/१६००च्या वर न जाता काम भागेल का?

प्रतिसाद २

भागेलही, पण मी तसं करणार नाही. प्रत्येक फोटोत पट्टा सारखा असता तर म्हणालो असतो, जपून वापरा. तुमच्याकडे तो कमी-जास्त होतोय, म्हणजे पडद्याची धाव दर वेळी वेगळी आहे. अशा शटरचं पुढचं दुखणं म्हणजे पडदा अडकणं, किंवा एखादी पाती निखळणं. कॅमेरा एरर दाखवून थांबला तर निदान तेवढ्यावर निभावतं. तुटलेली पाती सेन्सरवरच्या काचेवर घासली तर दुरुस्ती शटरपुरती राहत नाही.

ठिपक्यांचाही बहुधा संबंध आहे. पात्यांवरचा काळा लेप घासून निघतो आणि त्याचे कण सेन्सरवर बसतात.

सहा आठवडे हातात आहेत, आत्ताच द्या. शटर सुटं दुरुस्त करत नाहीत, अख्खं युनिट बदलतात. त्यासाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो, म्हणून परत घेताना ऑटोफोकसची जुळणी तपासली का ते आवर्जून विचारा. डीएसएलआरमध्ये प्रत्येक फोटोला वर उचलला जाणाऱ्या आरशाची यंत्रणाही जवळपास तेवढ्याच वेळा हललेली आहे, तीही बघायला सांगा. आणि काउंट शून्यावर आला नाही तर गोंधळू नका. तो आकडा शटरमध्ये नसतो, कॅमेऱ्याच्या मेमरीत असतो. बदलाची तारीख आणि त्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा.

प्रतिसाद ५

माझा उपप्रश्न: व्हिडिओ काढल्यानेही शटर एवढंच झिजतं का? आणि टाइमलॅप्सने (ठरावीक अंतराने फोटो काढून त्यांचा व्हिडिओ करण्याने)?

प्रतिसाद ४

व्हिडिओत पडदा सुरुवातीला उघडतो आणि शेवटपर्यंत उघडाच राहतो, झीज नगण्य. टाइमलॅप्स मात्र शटर खातो. दर दहा सेकंदांनी एक असे आठ तास फोटो काढले तर २,८८० होतात, आणि २४ फ्रेमच्या हिशोबाने त्यांचा व्हिडिओ बरोब्बर दोन मिनिटांचा. टाइमलॅप्ससाठी इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर जरूर वापरा.

धागाकर्ती

सव्वातीन आठवड्यांनी लिहितेय. शटर युनिट बदललं. काउंट १,६३,९०२ला बदललं असं वहीत लिहून ठेवलंय, आणि कॅमेऱ्यातला आकडा खरंच तिथूनच पुढे चालतोय. आरशाची यंत्रणा ठीक निघाली. ऑटोफोकस तपासून दिला, घरी येऊन मीही दोन्ही लेन्सवर बघून घेतला.

तीच भिंत, तीच चाचणी: १/४०००ला दहाच्या दहा फोटो एकसारखे.

जुनं युनिट मागून घेतलं होतं. भिंगातून पाहिलं तर दोन पात्यांच्या कडेचा काळा लेप उडून खालचा धातू चकाकतोय, आणि एका पातीचा रिव्हेट हलतोय. दौऱ्याला अजून अडीच आठवडे आहेत, तोवर रोज थोडे थोडे फोटो काढून नव्या शटरवर लक्ष ठेवते. काही वेगळं दिसलं तर इथेच लिहीन.