वॉकथ्रूमध्ये भिंतींवर लुकलुकणारे डाग: ब्रूट फोर्स हाच उपाय का?

सांजसावली (धागाकर्ता):
इंटिरियरच्या वॉकथ्रूमध्ये, म्हणजे संगणकावर बनवलेल्या घरातून फिरवणाऱ्या फिल्ममध्ये, छतावर, कोपऱ्यांत डाग लुकलुकतात म्हटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो: ब्रूट फोर्स लावा (प्रत्येक पिक्सेलचा प्रकाश स्वतंत्र काढा), वरून डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) मारा. मला हे सरसकट मान्य नाही. व्ही-रे या रेंडर सॉफ्टवेअरचा इररेडियन्स मॅप खोलीतल्या मोजक्या बिंदूंवर परावर्तित प्रकाश काढतो आणि मधली जागा अंदाजाने भरतो. नमुने (तपासलेले प्रकाशकिरण) कमी पडले की डाग पडतो. स्थिर चित्रात तो खपून जातो. पण दर फ्रेमला मॅप नव्याने काढला, तर बिंदू वेगळ्या जागी पडतात आणि डागही सरकतो. मॅप वाईट नाही, तो पुन्हापुन्हा काढणं वाईट. फक्त कॅमेराच फिरत असेल तर 'इन्क्रिमेंटल ॲड टू करंट मॅप' (जुन्या मॅपमध्ये फक्त नव्या जागांची भर) ठेवून दर दहाव्या-विसाव्या फ्रेमला मॅप काढा, फाइल साठवा आणि शेवटचं रेंडर त्या फाइलवरून करा. एका मिनिटाच्या फिल्मच्या सेकंदाला २५ या वेगाने १५०० फ्रेम होतात. फ्रेममागे दहा मिनिटं वाढली तर २५० तास! दोन मशिनच्या ऑफिसने ते कुठून आणायचे?

उंबरठा:
मशिनचे तास मोजलेत, माणसाचे नाही. मॅप साठवला आणि क्लायंटने सोफा हलवला, की फाइल बाद. पडदा हलतोय, पंखा फिरतोय, माणूस चालतोय, तिथे त्याच्या सावल्या जुन्याच जागी चिकटून राहतात. त्यासाठी 'ॲनिमेशन प्रीपास' आहे, पण त्यात दर फ्रेमचा वेगळा मॅप साठवून शेजारच्या फ्रेमचे मॅप मिसळावे लागतात. म्हणजे पुन्हा पसारा. शिवाय अंदाजाने भरलेल्या प्रकाशात स्कर्टिंगखालची बारीक सावली पुसली जाते. ब्रूट फोर्समध्ये डाग पडत नाहीत, नॉइज (बारीक दाणे) येतो, आणि नॉइज कमी कसा करायचा हे आपल्याला ठाऊक आहे.

सांजसावली:
ठाऊक आहे? नमुने कमी ठेवून डीनॉइझरवर भिस्त ठेवली की तो नॉइजचेच मऊ डाग बनवतो. प्रत्येक फ्रेम एकटी साफ केली की तेही दर फ्रेमला वेगळे, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. नॉइजचा पॅटर्न सगळ्या फ्रेमना तोच लॉक केला तर मळक्या काचेतून खोली पाहिल्यासारखं दिसतं. आजूबाजूच्या फ्रेम एकत्र पाहून साफ करणारा डीनॉइझर हवा, ते कुणी सांगत नाही.

गच्चीवरचा:
दोघंही सेटिंगवर भांडताय. मला येणाऱ्या निम्म्या फाइलींत दोष मॉडेलमध्ये असतो. भिंत म्हणजे जाडीच नसलेला एक पत्रा. मग बाहेरच्या उन्हाचे लाइट कॅशचे (पुढच्या उसळ्यांचा प्रकाश साठवणारी पद्धत) नमुने आतल्या बाजूलाही धरले जातात आणि छताच्या कडेला उजेड झिरपतो. भिंतीला खरी जाडी द्या, रिट्रेस (कोपऱ्यांजवळ किरण पुन्हा सोडणारी सेटिंग) चालू ठेवा. दुसरं, पांढरा रंग २५५ वर, म्हणजे कमाल पांढऱ्यावर, ठेवू नका. तसा पृष्ठभाग प्रकाश गिळतच नाही, तो उसळ्या मारत राहतो आणि हिशेब लवकर स्थिरावत नाही. खरा चुनाही एवढा पांढरा नसतो. ८० टक्क्यांच्या आसपास आणा, एक्सपोझर वाढवा. छताच्या कोव्हमध्ये (खाचेत) लपवलेल्या दिव्याच्या पट्टीला नुसतं मटेरियल चमकवून उजेड न देता खरा लाइट द्या. एवढ्यानेच बरेच डाग जातात, मग मॅप वापरा नाहीतर ब्रूट फोर्स.

उंबरठा:
जाडीचं आणि पांढऱ्याचं शंभर टक्के मान्य. पण मॉडेल दुरुस्त केल्यावरही पडदा हलायचाच आहे.

सांजसावली:
हलू दे. ज्या शॉटमध्ये काही हलतंय तेवढेच ब्रूट फोर्सवर काढा. साध्या वॉकथ्रूत असे शॉट थोडेच असतात. जिना, पॅसेज, रिकामी बेडरूम मॅपवर राहू दे.

उंबरठा:
इथेच माझी अडचण आहे. दोन पद्धतींचे शॉट शेजारी आले की कोपऱ्यांतली सावली एकीकडे गडद, एकीकडे धुतलेली दिसते. सलग चालत गेल्याचा भास तिथे तुटतो. त्यापेक्षा मी फिल्म दहा सेकंद छोटी करेन, पण सगळी एकाच पद्धतीने काढेन.